वेल्फेअर हॉल दहा ते चार रिकामाच असतो ना?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी ३ डिसेंबर आला की तुमच्या पेपरात (सगळ्याच पेपरांत, एकट्या तुम्हाला बोलत नाहीये) जागतिक दिव्यांग दिनाचे फोटो येतात. स्टेजवर मुलं नाचतायत, पाहुणे टाळ्या वाजवतायत, एखाद्या मुलीच्या हातात ट्रॉफी. फोटो छान असतात, माझी काही तक्रार नाही. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक पोर दहा-बारा वर्षांचं असतं. टक्कल पडायला लागलेला, पोट सुटलेला, चाळिशीतला मतिमंद माणूस त्या फोटोत कधी दिसला का तुम्हाला? मला तरी नाही. असा एक आमच्या घरात आहे, माझा धाकटा भाऊ, आणि आमच्या वसाहतीत अजून चार-पाच घरं मला माहीत आहेत जिथे असे दादा, ताई, मामा दिवसभर टीव्हीसमोर बसलेले असतात. हे पत्र त्यांच्या दिवसाबद्दल आहे. आयुष्याचं मोठं काही मागत नाहीये, सकाळी दहा ते दुपारी चार एवढंच बोलायचंय.

अठरापर्यंत सगळं बरं चाललेलं असतं, म्हणजे बरं म्हणण्यासारखं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, विशेष शाळा आहेत, महापालिकेच्याही आहेत. मुलाला युनिफॉर्म असतो, डबा असतो, व्हॅनवाले काका असतात, मॅडम असतात, भांडायला आणि मिठी मारायला मित्र असतात. मग एक दिवस वय भरतं आणि शाळा म्हणते की आता पुढचं तुमचं तुम्ही बघा. शाळेचा दोष नाही, त्यांच्याकडे खालून नवीन मुलं येत असतात, ग्रँट वयावर मिळते. काही शाळा दोन-चार वर्षं प्री-व्होकेशनलमध्ये ठेवून घेतात, मेणबत्त्या, फायली, राख्या असं करून. त्यानंतर घर. आणि घर म्हणजे आई. मुलगा अठराचा होतो तेव्हा आई पंचेचाळीसची असते, तिला वाटतं निभेल. तो चाळिशीत येतो तेव्हा तिचे गुडघे गेलेले असतात आणि त्याला अंघोळ घालायला वाकवत नाही, आणि बापाला आता तो उचलत नाही कारण तो बापापेक्षा वजनाने जास्त झालाय. मग बहिणीला फोन जातो. (भावांना पण जातो, पण वहिनीला विचारून सांगतो म्हणतात. जाऊ दे.)

आता कोणी म्हणेल मुंबईत संस्था काय कमी आहेत का. आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. शिवडीचं जय वकील १९४४ सालचं, एका आईवडिलांनी आपल्या मुलीसाठी सुरू केलेलं, आज शेकडो मुलं आणि मोठी माणसं तिथे आहेत. १९७२ ला कुलाब्याला स्पास्टिक्स सोसायटी निघाली, आता अडॅप्ट म्हणतात, चेंबूरला त्यांचं नोकरीसाठी तयार करणारं केंद्र आहे. ओम क्रिएशन्स या संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींनी केलेलं सामान तुम्ही एखाद्या दिवाळीत घेतलं असेल. जुहूला अर्पण कॅफे आहे, आधी डब्यांपासून सुरुवात करून २०१८ ला कॅफे काढला, तिथे ऑर्डर घेणारे आणि किचनमध्ये काम करणारे स्वमग्न (ऑटिझम असलेले) किंवा बौद्धिक अक्षमता असलेले तरुण आहेत आणि त्यांना पगार मिळतो. एकदा जाऊन या, दया म्हणून नको, भूक लागली म्हणून जा.

पण या यादीतलं जवळपास सगळं कोणीतरी पालकाने किंवा ट्रस्टने स्वतः धडपड करून उभं केलेलं आहे. म्हणजे तुमच्या एरियात असा एखादा पालक जन्माला आला, त्याच्याकडे वेळ, ओळखी, इंग्रजी आणि थोडेफार पैसे असले तर तुमच्याकडे केंद्र होणार. नाहीतर नाही. गोवंडी, मानखुर्द, मालवणी, विक्रोळी पार्कसाइट इथल्या आईने काय करायचं? ती चार घरची कामं करते, ट्रस्ट कधी काढणार आणि सीएसआरवाल्यांना (समाजकार्याला पैसे देणाऱ्या कंपन्यांना) पॉवरपॉइंट कधी दाखवणार. रस्ते, नळ, शाळा, दवाखाना हे आपण कोणाच्या धडपडीवर सोडत नाही, वॉर्डाने द्यायची गोष्ट म्हणून मागतो. हे मात्र अजून दान या खात्यात आहे.

आणि लांब असलेलं केंद्र हे नसल्यासारखंच आहे, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. विक्रोळीहून शिवडी म्हणजे स्लो पकडा, कुर्ल्याला उतरा, तो पूल चढा, हार्बरला या, परत चढा. माझ्या भावाला अनाउन्समेंटचा आवाज आणि मागून येणारा धक्का हे दोन्ही सहन होत नाही, तो कानावर हात ठेवून जागच्या जागी उभा राहतो आणि ऑफिस टायमाला कुर्ल्याच्या पुलावर जागच्या जागी उभं राहिलं की काय होतं ते मुंबईकराला सांगायला नको. दिव्यांगांच्या डब्यात चढलं तर अर्धा डबा धडधाकट लोकांनी भरलेला, आणि वर तेच आम्हाला विचारणार की याला काय झालंय, हा तर चांगला दिसतोय. दिसत नाही म्हणून तर गोची आहे. व्हीलचेअर असती तर जागा तरी दिली असती. पासमध्ये सवलत आहे, सोबत्यालाही सवलत आहे, ते चांगलंच आहे, पण सोबत्याचा अख्खा दिवस जातो त्याचं काय. सोडून घरी येऊन परत आणायला जायचं म्हणजे दिवसाला चार प्रवास, म्हणून मग अर्धे पालक तिथेच बाहेरच्या बाकावर बसून राहतात. त्या बाकांवर किती बायकांच्या नोकऱ्या गेल्या असतील त्याचा हिशोब कोणी काढत नाही.

म्हणून हे घराजवळ पाहिजे, चालत किंवा शेअर रिक्षाने जाता येईल असं.

आता मी तुम्हाला सांगते की आमच्याकडे हे केंद्र होतं. म्हणजे बोर्ड नव्हता, नोंदणी नव्हती, पण होतं. आम्ही कन्नमवार नगरातले, हाउसिंग बोर्डाच्या जुन्या बिल्डिंगी, सगळे एकमेकांना तीस-चाळीस वर्षं ओळखणारे. शाळा सुटल्यावर भाऊ खाली इस्त्रीवाल्या भैयाकडे जाऊन बसायला लागला. भैया इस्त्री करायचा आणि हा कपड्यांच्या गठ्ठ्यांवर बिल्डिंग नंबरच्या चिठ्ठ्या लावायचा. त्याला वाचता येत नाही पण आकडे ओळखतो, कोणाचा शर्ट कोणत्या बिल्डिंगचा ते तर बघूनच सांगतो, भैयाची चूक झाली तर भैयाला ओरडतो. अकरा वाजता चहा, कधी वडापाव. तिथून वाण्याकडे, वाणी त्याला पाच रुपयाची गोळी देणार आणि वहीत लिहिणार, महिन्याच्या शेवटी आई देणार. दुपारी मंडळाच्या ऑफिसात कॅरम, खेळत नाही, सोंगट्या गोळा करून द्यायचं काम त्याचं. गणपतीत आरतीचं ताट धरायचा मान त्याचा, दुसऱ्या कोणी धरलं तर रुसतो. कोणत्या तज्ज्ञाने हे ठरवून दिलं नव्हतं, पण मी आज इतके रिपोर्ट आणि इतके थेरपीचे प्लॅन बघितल्यावर सांगते की याच्याहून चांगला प्लॅन मी पाहिला नाही. त्याला काम होतं, चहाची वेळ होती, कोणीतरी वाट बघायचं, आणि तो एक दिवस आला नाही तर चार जण वर येऊन विचारायचे.

पण हे सगळं लोकांच्या चांगुलपणावर उभं होतं आणि चांगुलपणाला सुट्टी असते. भैया मे महिन्यात गावाला गेला की दीड महिना आमच्याकडे आरडाओरडा. वाण्याच्या मुलाने दुकान घेतलं, त्याला हा काउंटरपाशी उभा राहिलेला चालेना, गिऱ्हाईक बिचकतात म्हणे. आणि मग आलं रिडेव्हलपमेंट. एकेक सोसायटी खाली व्हायला लागली, कोणी कांजूरला भाड्याने, कोणी ठाण्याला, कोणी बदलापूरला. मोठ्या जागेचा आनंद सगळ्यांनाच आहे, आम्हालाही आहे, आई म्हणते मरायच्या आधी लिफ्ट बघेन. पण बिल्डरशी मीटिंगमध्ये कार्पेट एरिया, कॉर्पस, भाडं, पार्किंग सगळ्याची चर्चा झाली, या एका माणसाचा पंचवीस वर्षांत तयार झालेला दिवस आपण पाडतोय याची चर्चा कुठल्या कलमात करणार? इस्त्रीचं टेबल जिथे होतं तिथे आता पत्रे लागलेत. भाड्याच्या घरी त्याला कोणी ओळखत नाही. पहिल्याच आठवड्यात वॉचमनने त्याला गेटवर अडवून नाव विचारलं आणि हा घाबरून ओरडला तर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला की असे लोक मोकळे कसे फिरतात. तेव्हापासून तो खाली जात नाही.

मुंबईत आज शेकडो सोसायट्या अशा पडतायत आणि प्रत्येकीत कुठेतरी असा एक माणूस असणार. पूर्वी चाळीने, वाडीने, गल्लीने जे फुकट सांभाळलं ते टॉवर सांभाळणार नाही, त्याची रचनाच तशी नाही, तिथे गल्लीच नाही. म्हणून आता हे काम पगारी माणसं ठेवून, नियमाने, वॉर्डाने करायला पाहिजे असं माझं म्हणणं आहे. आणि जागा नाही हे उत्तर मला देऊ नका.

जागा आहे. एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) स्कीममध्ये बालवाडी आणि वेल्फेअर हॉल बांधणं बंधनकारक आहे. बांधतात पण, त्याशिवाय पुढचं काम होत नाही. मग तो हॉल संध्याकाळी बारशाला, साखरपुड्याला, रविवारी मीटिंगला, आणि मधल्या वेळात कुलूप. किल्ली कोणाकडे असते ते सगळ्यांना माहीत असतं. सोमवार ते शनिवार दहा ते चार त्या हॉलमध्ये होतं तरी काय? महापालिकेच्या मराठी शाळांमध्ये पट कमी होत गेल्याने रिकामे वर्ग आहेत. समाज कल्याण केंद्रं आहेत. ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं निघाली, खूप चांगलं झालं, माझे वडील जायचे. महापालिकेचा 'आपला दवाखाना' पोर्टा केबिनमध्ये उभा राहू शकतो तर पंधरा-वीस माणसांचा दिवस एका हॉलमध्ये का उभा राहू शकत नाही?

माणसं किती लागतील? एक आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी असलेला स्पेशल एज्युकेटर, तीन-चार मदतनीस, त्यात निम्म्या बायका असल्याच पाहिजेत, एक मावशी, आणि जवळपासच्यांना आणायला-सोडायला दोन ठरवलेल्या रिक्षा. पगार, रिक्षा, चहा-नाश्ता, लाइट धरून माझा ठोकळ अंदाज महिन्याला अडीच लाखाच्या आसपास. (बँकेत नोकरी केलीय, अंदाज अगदीच हवेतला नाही.) महापालिकेचे प्रशासकीय वॉर्ड एकूण २५ धरू, प्रत्येकी एक केंद्र, तर वर्षाला साडेसात कोटी. महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं होतं. म्हणजे दहा हजार रुपयातला एक रुपया. एक केंद्र वॉर्डाला पुरणार नाही हे मलाही कळतं, पण सुरुवात तर होईल, आणि अंदाज दुप्पट चुकला तरी दोनच रुपये होतात.

पण नुसता हॉल उघडून तिथे दिवसभर पणत्या रंगवायला बसवणार असाल तर मला ते नकोय. हे मी जरा रागाने लिहितेय कारण मी ते बघितलंय. वीस मोठी माणसं लांब टेबलाभोवती, प्रत्येकासमोर रंगाची डबी, त्याच त्याच पणत्या, दिवाळीनंतर सुद्धा. विकल्या जातात का, तर थोड्या, बाकीच्या धुऊन परत रंगवायला. चाळीस वर्षांच्या माणसाला मणी ओवायला देऊन चार वाजेपर्यंत गप्प बसवणं आणि टीव्हीसमोर बसवणं यात मला फार फरक वाटत नाही. हॉल हा निघायचा अड्डा पाहिजे, दिवस बाहेर गेला पाहिजे. दोन-दोन तीन-तीन जणांनी मदतनिसाबरोबर बाजारात जाऊन केंद्राची भाजी आणायची, पैसे मोजून द्यायचे, सुट्टे घ्यायचे. बँकेत पासबुक भरायला जायचं (मशीनचा आवाज आमच्याकडे फार आवडतो). लायब्ररीत पेपर लावून ठेवायचे. बागेत झाडांना पाणी. बेस्टने दोन स्टॉप जाऊन परत यायचं, हे शिकायलाच कोणाला सहा महिने लागतील, लागू देत. ज्याला जमतंय त्याला किराणा दुकानात, पोळीभाजी केंद्रात, नर्सरीत दोन तासांचं खरं काम, खऱ्या पैशाने. ज्याला अजिबात जमत नाही, जो व्हीलचेअरवर आहे, ज्याला डायपर लागतं, त्यालाही बाहेर न्यायचं, त्यालाच आधी न्यायचं. नाहीतर होतं काय, की जरा हुशार मुलं कॅफेत फोटोला उभी राहतात आणि ज्यांना जास्त गरज आहे त्यांना सगळीकडून हेच ऐकायला मिळतं की सॉरी, आमच्याकडे टॉयलेट ट्रेन्ड असलेलीच मुलं घेतो.

आणि त्याला विचारायचं. त्याला काय आवडतं हे त्याला विचारायचं, बोलता येत नसेल तर चित्र दाखवून विचारायचं, तो कशाने खूश होतो ते बघायचं. आमच्या भावाला बसचे नंबर आवडतात, कोणाला भांडी लावायला आवडेल, कोणाला नुसतं माणसं बघत बसायला आवडेल. आपल्यालाही आवडतंच की.

कायद्यात हे सगळं आहे हो. २०१६ च्या कायद्याचं कलम ५ वाचा, समाजात राहायचा हक्क असं सरळ लिहिलंय, कोणत्याही ठराविक ठिकाणीच राहायची सक्ती होता कामा नये, आणि घरात, निवासी आणि समाजातल्या आधार सेवा मिळाव्यात म्हणून सरकारने प्रयत्न करायचा, त्यात वय आणि स्त्री-पुरुष याचा विचार करायचा. वयाचा विचार शब्दात लिहिलाय. त्याच्याही आधी २००७ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला, त्याच्या १९ व्या कलमात हीच गोष्ट आहे. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा तर खास आमच्याच मुलांसाठी, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं), मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठी. त्याच्या निरामय आरोग्य विम्यात लाखापर्यंत खर्च मिळतो, तो आम्ही काढलाय, तुम्हीही काढा. गार्डियनशिप पण त्याच कायद्याखाली, कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडून, कारण अठरा झाल्यावर आई आपोआप कायदेशीर पालक राहत नाही, हे बऱ्याच जणांना बँकेत सही अडली की कळतं. त्याच न्यासाची दिशा-कम-विकास नावाची दिवसभराच्या केंद्राची योजना पण आहे, त्यात दहा वर्षांपुढचेही येतात. पण अर्ज कोणी करायचा तर नोंदणी असलेल्या संस्थेने. माझ्या वॉर्डात संस्था नसेल तर मी कोणाकडे मागू? योजना आहे पण ती मागायचा हक्क पालकाच्या हातात नाही, सगळी अडचण इथे आहे.

पैशाच्या योजना मिळतात, नाही असं नाही. संजय गांधी निराधारचे दिव्यांगांसाठी १५०० चे २५०० झाले, आम्हाला उत्पन्नाच्या अटीमुळे मिळत नाहीत पण ज्यांना मिळतात त्यांना उपयोग होतो. महापालिकेची धर्मवीर आनंद दिघे योजना आहे, ४० ते ८० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांना महिना हजार आणि त्याच्यावर असेल तर तीन हजार, सहा महिन्यांचे एकदम. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर आधी ते काढा, त्याशिवाय पान हलत नाही. पण हे पैसे घेऊन मी बाजारात गेले तरी मला विकत काय मिळणार? दिवसाचं केंद्रच नसेल तर हजार रुपये काय आणि तीन हजार काय, ते डायपर आणि गोळ्यांत जातात. रोख पैसे दिले की सरकारला वाटतं आपलं काम झालं. स्थानिक स्वराज्य संस्थांनी ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असा राज्याचा नियम आहे, त्यातून शिलाई मशीन, सायकल, स्टॉल असं वाटप होतं. ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही त्याला शिलाई मशीन काय कामाचं? त्याला माणूस लागतो. पगारी, शिकलेला, रोज येणारा माणूस. त्या ५ टक्क्यांतून वस्तूंऐवजी पगार द्यायला सुरुवात करा, माझी मुख्य मागणी हीच आहे. राज्यात ३ डिसेंबर २०२२ ला दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला, मग हे करायला त्यांच्याशिवाय दुसरं कोण येणार आहे?

आमच्या पालक मीटिंगांमध्ये हा विषय काढला की निम्मे लोक म्हणतात दिवसाचं काय घेऊन बसलीस, आमच्यानंतर काय ते बोल, कायमचं वसतिगृह पाहिजे. मी त्यांना अजिबात नावं ठेवत नाही. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनी मिळून घरकुल उभं केलंय, बदलापूरला आधार आहे, पालकांनीच उभी केलेली ठिकाणं, ज्यांना तिथे जागा मिळाली ते नशीबवान. पण सगळ्यांना मिळणार नाही, आणि दुसरं म्हणजे वीस वर्षं आईशिवाय कोणाबरोबर तासभर न राहिलेला माणूस आई गेल्याच्या आठवड्यात वसतिगृहात नेऊन सोडला तर त्याचं काय होतं ते आम्ही नात्यात बघितलंय. जेवण बंद केलं होतं. तोच रोज सहा तास दुसऱ्या माणसांत राहायची सवय असलेला असता, दुसऱ्याच्या हातचं खायची सवय असलेला असता, तर त्याला तरी सोपं गेलं असतं. तिसरी गोष्ट बोलायला जड जाते पण बोलते. भिंतीआड काय चालतं ते बाहेर कळत नाही. पनवेलच्या आश्रमातल्या मतिमंद मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण २०११ मध्ये बाहेर आलं ते आठवतं ना? रोज चार वाजता घरी येणारी मुलगी, बाजारात, बँकेत, बसमध्ये दहा जणांना दिसणारी मुलगी जास्त सुरक्षित असते असं माझं मत आहे. मुलींच्या आया नेमकं उलटं करतात, भीतीने घरात ठेवतात. मुलगा तरी खाली इस्त्रीवाल्याकडे जाऊन बसतो, आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधली त्याच्याच वयाची मुलगी मी कित्येक वर्षांत गॅलरीच्या पुढे बघितली नाही. म्हणून बायका मदतनीस आणि नीट कडी लागणारं टॉयलेट, ह्या दोन गोष्टींवर तडजोड नको.

माझा मामेभाऊ अमेरिकेत आहे, त्याच्या मुलीला पण सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अक्षमता आहे, त्याच्याकडून ऐकत असते. तिथेही शाळेचा हक्क साधारण २१ पर्यंतच, त्यानंतर तेही आपल्यासारखेच कड्यावर, पुढच्या सेवांसाठी बऱ्याच राज्यांत मोठमोठ्या वेटिंग लिस्ट आहेत, तिकडे सगळं सोनं आहे असं काही नाही. पण १९९९ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या दोन बायकांच्या केसमध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की समाजात राहू शकणाऱ्या माणसाला कारण नसताना संस्थेत अडकवून ठेवणं हा भेदभाव आहे. पुढे २०१४ मध्ये नियम आला की मेडिकेडच्या (तिथली गरीब आणि दिव्यांगांसाठीची सरकारी योजना) अशा सेवांच्या पैशातून चालणाऱ्या केंद्राने माणसांना बाकीच्या समाजापासून वेगळं काढून ठेवता कामा नये, त्यांना बाहेरच्या लोकांत मिसळायला मिळालं पाहिजे, राज्यांना बदलायला २०२३ पर्यंत मुदत दिली. म्हणजे पैसे देताना सरकार विचारतं की दिवसभर भिंतीच्या आत बसवता की बाहेर नेता. आपल्याकडे इन्स्पेक्शनला येतात ते रॅम्प, फायर एक्स्टिंग्विशर आणि हजेरीपट बघतात, ते बघायलाच पाहिजे, पण या आठवड्यात कोण कुठे बाहेर गेलं होतं हे एकदा तरी विचारा ना.

सोसायटीवाले विरोध करतील, हे पण मला माहीत आहे. आमच्या खाली वेड्यांचं केंद्र नको, मुलं घाबरतील, फ्लॅटचे भाव पडतील. त्यांना मी एवढंच सांगते की कन्नमवार नगरात हा माणूस पंचवीस वर्षं खाली बसला आणि तिथले भाव काय झालेत ते कुठल्याही एजंटला विचारा. आणि मुलं घाबरत नाहीत, मुलांना आपण घाबरवतो. आमच्या मंडळातली पोरं त्याच्याशी भांडायची, त्याची टिंगल पण करायची, मग त्याच्या आईने ओरडलं की गप्प बसायची, जसं सगळ्यांचं चालतं तसं.

ज्या पालकांनी हे वाचलं त्यांना सांगायचंय की वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या, एकेकटे नका जाऊ, आपल्या एरियातले पाच-सहा मिळून जा, तुमच्या जवळचा कोणता हॉल रिकामा असतो ते पत्त्यासकट लिहा, आणि ५ टक्क्यांतून गेल्या वर्षी तुमच्या वॉर्डात काय खर्च झाला ते माहिती अधिकारात विचारा. जनगणनेचा माणूस दारात आला की लपवू नका, घरात कोण आहे ते नीट सांगा, २०११ मध्ये देशभरात आमची मुलं फक्त पंधरा लाख मोजली गेली, मला तर तो आकडा पटत नाही, अर्धी घरं सांगतच नाहीत.

पत्र फार मोठं झालंय हे मला कळतंय. जागेअभावी कापायचं असेल तर अमेरिकेचं कापा, लोकलचं पण कापलंत तरी चालेल, ते मुंबईकरांना पाठ आहे. हॉलचं आणि ५ टक्क्यांचं तेवढं ठेवा. आणि माझं नाव छापू नका, भाड्याच्या सोसायटीचा अ‍ॅग्रीमेंट रिन्यू व्हायचाय.

आपली,
एक बहीण
(मूळची कन्नमवार नगर, विक्रोळी पूर्व, सध्या भाड्याने)